जॅझमधले एकल वादक आणि मागे उरलेली त्यांची ध्वनिमुद्रणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुई आर्मस्ट्राँग, चार्ली पार्कर, जॉन कोल्ट्रेन ही नावं जॅझ न ऐकणाऱ्यांच्याही कानावरून गेलेली असतात. टीना ब्रुक्स किंवा ड्युप्री बोल्टन ही नावं मात्र जॅझ ऐकणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसतात. हा सगळा फरक वादनाच्या उंचीमुळे पडला, असं मला वाटत नाही. ध्वनिमुद्रणाचं यंत्र कोणासमोर ठेवलेलं होतं, कंपनीने काय कपाटात टाकून दिलं, कोण कोणत्या वर्षी आजारी पडलं, यावरही बरंच ठरलं. नव्याने ऐकू लागलेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. उत्तरं लहानमोठी आहेत, कारण काही प्रश्न दोन वाक्यांत संपतात आणि काही संपता संपत नाहीत.

जॅझचं सर्वांत पहिलं रेकॉर्ड कोणतं?

न्यू ऑर्लिन्सच्या पाच गोऱ्या वादकांचा 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड' २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी वाजवायला बसला. त्या दिवशीच्या रेकॉर्डला हा मान दिला जातो. त्यातल्या 'लिव्हरी स्टेबल ब्लूज'मध्ये कोंबड्याचं आरवणं आणि घोड्याचं खिंकाळणं वाद्यांतून काढलेलं आहे. एकल वादन ऐकायचं म्हणून हे रेकॉर्ड लावलंत तर निराश व्हाल. पाचही जण बहुतेक वेळ एकत्रच वाजवतात. ज्या कृष्णवर्णीय वादकांनी ही शैली घडवली, त्यांतल्या बहुतेकांना ध्वनिमुद्रणाची खोली दिसायला आणखी पाच-सहा वर्षं गेली.

बडी बोल्डनचं एकही रेकॉर्ड नाही, मग त्याचं नाव एवढं का घेतात?

ऐकलेल्या माणसांनी सांगितलं म्हणून. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवणारा हा माणूस १९०० च्या आसपास न्यू ऑर्लिन्समध्ये सर्वांत लोकप्रिय होता. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या बँडचं मेणाच्या नळकांड्यावर मुद्रण झालं होतं, असं त्याच्याच एका साथीदाराने सांगितलं होतं; ते नळकांडं आजवर सापडलेलं नाही. बँडचा एक धूसर फोटो तेवढा आहे.

मला यात वेगळीच गोष्ट खुपते. तो गेला तेव्हा आर्मस्ट्राँगची सर्वांत गाजलेली रेकॉर्डं बाजारात येऊन काही वर्षं झाली होती. म्हणजे यंत्र होतं, माणूसही जिवंत होता, फक्त दोघांची गाठ पडली नाही. बोल्डनचा आवाज कसा होता, हे ठामपणे सांगणारा कोणी भेटला तर मान डोलवा आणि पुढे चला.

जुन्या रेकॉर्डांवर सोलो, म्हणजे एकल वादनाच्या जागा, इतके छोटे का असतात?

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत, म्हणून. जुनं नाट्यसंगीत आणि ख्याल ७८ च्या तबकड्यांवर ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या तीन मिनिटांत चाल, गाणं असेल तर गाणं, दोन-तीन वादकांच्या जागा आणि शेवट, सगळं बसवायचं. चालीचा एक पूर्ण फेरा म्हणजे 'कोरस'. तो बहुधा १२ किंवा ३२ बारांचा, आणि बार चार मात्रांचा. अर्धा कोरस मिळाला तरी वादक खूश असे.

१९२५ च्या आधी आणखी एक अडचण होती. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळे एका मोठ्या भोंग्यासमोर उभे राहून वाजवत आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणात रेघ कोरत असे. एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी, एका पियानो कारखान्याच्या आवारातल्या जेनेट कंपनीच्या खोलीत वाजवत होता. शेजारून रेल्वेचा रूळ जायचा, गाडी आली की काम थांबवावं लागे. दुसऱ्या कॉर्नेटवर बसलेल्या तरुण आर्मस्ट्राँगचा आवाज इतका मोठा होता, की त्याला इतरांपासून बराच मागे उभं केलं, अशी आठवण त्या बँडची पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. पुढे तिचं त्याच्याशी लग्न झालं. त्याच वेळच्या 'चाइम्स ब्लूज'वर आर्मस्ट्राँगचा मुद्रित झालेला पहिला सोलो आहे. आवाज एखाद्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, पण वाजवणारा कोण ते लपत नाही.

मर्यादा सगळ्यांनाच जाचली असं मात्र नाही. २८ जून १९२८ रोजी शिकागोत मुद्रित झालेला 'वेस्ट एंड ब्लूज' ऐका. सुरुवातीला साथ नाही, ताल नाही, नुसता ट्रम्पेट. आणि त्या काही सेकंदांत आर्मस्ट्राँगने पुढच्या पिढीला अभ्यासक्रम आखून दिला. शेवटाकडे तो एकच स्वर चार बार धरून ठेवतो. कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी 'बॉडी अँड सोल'चे दोन कोरस टेनर सॅक्सोफोनवर वाजवले. मूळ चालीला पहिल्या काही बारांत हात लावला आणि मग पूर्ण सोडून दिलं. असं रेकॉर्ड खपणार नाही असा कोणाचाही अंदाज असता. ते भरपूर खपलं.

मग एलपी आल्यावर काय बदललं?

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी, आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. फायदाही झाला, पाल्हाळही आला. जागा मिळाली की ती भरायचा मोह होतोच. पन्नासच्या दशकातल्या काही 'जॅम सेशन' एलपी मी पुन्हा लावत नाही.

पण पॉल गोन्साल्विसचा प्रसंग सोडता येत नाही. ७ जुलै १९५६, न्यूपोर्ट महोत्सव, ड्यूक एलिंग्टनचा बँड. 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' या रचनेच्या दोन भागांमध्ये टेनर सॅक्सोफोनवाल्या गोन्साल्विसने एकामागून एक २७ कोरस वाजवले. लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचू लागले. पंचाईत अशी, की तो कोलंबियाच्या मायक्रोफोनऐवजी 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी सरकारी रेडिओच्या मायक्रोफोनमध्ये वाजवत होता. त्यामुळे अनेक वर्षं मिळणाऱ्या एलपीवर हा सोलो लांबून आल्यासारखा ऐकू येतो. त्या एलपीचा बराच भाग तर नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चढवलेला होता. १९९९ मध्ये दोन्ही ठिकाणच्या टेप जुळवून नवी आवृत्ती निघाली तेव्हा गोन्साल्विस खऱ्या अर्थाने समोर आला. ऐकायची तर तीच ऐका. आणि हो, आडनावावरून त्याला गोव्याचा समजू नका. त्याचे आईवडील केप व्हर्दी बेटांवरचे. पोर्तुगीज आडनावं दोन्हीकडे पोहोचली, एवढंच.

'ऑल्टरनेट टेक' म्हणजे काय? ते सगळे ऐकायलाच हवेत का?

एकच चीज दोन-तीनदा वाजवून त्यातलं एक वादन कंपनी छापायची. उरलेली वादनं जपून राहिली आणि पुढे प्रसिद्ध झाली, तर त्यांना ऑल्टरनेट टेक म्हणतात. तबकडीवर लेबलाजवळच्या मोकळ्या जागेत मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाचा ओळख-क्रमांक, आणि बऱ्याचदा टेकचा आकडाही कोरलेला असतो. संग्राहक लेबल वाचण्याआधी तिथे बोट ठेवतात ते यासाठी.

बहुतेक वादकांच्या बाबतीत एक टेक पुरतो. चार्ली पार्करच्या बाबतीत नाही, कारण तो दुसऱ्यांदा वाजवताना पहिलं काही परत घेत नसे. २६ नोव्हेंबर १९४५ च्या सॅव्हॉय कंपनीच्या बैठकीतला 'को-को' घ्या. पहिल्या टेकमध्ये सुरुवातीचा भाग संपतो, मंडळी 'चेरोकी' या लोकप्रिय गाण्याची चाल उचलतात आणि वादन लगेच तोडलं जातं. चाल वाजवली असती तर तिच्या कर्त्याला मानधन द्यावं लागलं असतं. चालीखालचे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) वापरायला कोणी पैसे मागत नाही. दुसऱ्या टेकमध्ये चाल गाळून पार्कर थेट सोलोत शिरतो आणि पुढचे दोन कोरस आजही सॅक्सोफोन शिकणाऱ्यांना घाम फोडतात. शेजारी डिझी गिलेस्पी ट्रम्पेट वाजवतो आणि मध्ये पियानोही सांभाळतो. तो थांबलेला पहिला टेक ऐकला की व्यवहाराने कलाकृतीला कसा आकार दिला ते कळतं.

१९४२ ते १९४४ या काळातली रेकॉर्डं इतकी कमी का?

वादकांच्या संघटनेने बहिष्कार घातला होता. ज्यूकबॉक्स आणि रेडिओवर रेकॉर्ड लावलं की तिथला वाजवणारा माणूस घरी बसतो, तेव्हा कंपन्यांनी वादकांसाठी निधी काढावा, ही अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांची मागणी होती. १ ऑगस्ट १९४२ पासून मुद्रण बंद झालं. डेक्काने सप्टेंबर १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. मागणी चुकीची होती असं मला वाटत नाही. पण वेळ वाईट होती, कारण नेमकं त्याच काळात बीबॉप, म्हणजे पार्कर-गिलेस्पींची नवी जॅझ शैली, जन्माला येत होतं. १९४३ मध्ये पियानोवादक अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये पार्कर आणि गिलेस्पी शेजारी शेजारी बसत, गायला सॅरा व्हॉन असे, आणि त्या बँडचं एकही रेकॉर्ड नाही.

जे उरलं ते एका मित्रामुळे. बॉब रेडक्रॉस नावाच्या दोस्ताने फेब्रुवारी १९४३ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलच्या खोलीत घरगुती तबकडी-यंत्रावर या मंडळींचं वादन घेतलं. त्यात पार्कर नेहमीच्या ऑल्टोऐवजी टेनर सॅक्सोफोन वाजवतो, कारण हाइन्सकडे जागा टेनरची होती. खरखर भयंकर आहे. तरी ऐकावं.

बहिष्कारातून सुटलेली दुसरी गोष्ट म्हणजे सैनिकांसाठीच्या 'व्ही-डिस्क'. त्या विकायच्या नसल्याने संघटनेने परवानगी दिली होती आणि बारा इंची असल्यामुळे त्यांवर वेळही जास्त मिळे.

चाहत्यांनी स्वतः केलेल्या मुद्रणांना एवढं महत्त्व का?

कंपनी जे विकलं जाईल ते घेते; चाहता त्याला जे हवं ते घेतो. जॅझमध्ये अशा तीन माणसांचं ऋण मोठं आहे.

जेरी न्यूमन हा कोलंबिया विद्यापीठातला विद्यार्थी. १९४१ मध्ये तो तबकडी कोरणारं यंत्र घेऊन हार्लेममधल्या 'मिंटन्स प्लेहाउस'मध्ये जाऊन बसे. तिथे रात्री उशिरा चार्ली ख्रिश्चन गिटार घेऊन यायचा. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडच्या रेकॉर्डांवर या ख्रिश्चनला सहसा १६ किंवा ३२ बार मिळत. न्यूमनच्या तबकड्यांवर तो कोरसामागून कोरस वाजवतो, आणि प्रत्येक फेऱ्यात सुरांचं वाक्य कुठे तुटणार याचा अंदाज चुकवतो. २ मार्च १९४२ रोजी क्षयाने तो गेला, वय २५. न्यूमन नसता तर इलेक्ट्रिक गिटारचा हा मूळपुरुष आपल्याला फक्त तुकड्यातुकड्यांत माहीत असता.

डीन बेनेडेटी स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि पार्करचा वेडा भक्त होता. १९४७-४८ मध्ये तो क्लबांत यंत्र लावून बसे, पण पार्करचा सोलो सुरू झाला की यंत्र चालू आणि संपला की बंद. बाकीच्यांना जागा नाही. १९५७ मध्ये तो इटलीत वारला. त्याचा हा साठा हरवला अशी तीस-एक वर्षं समजूत होती. १९९० मध्ये मोझेक कंपनीने तो सात सीडींवर काढला. सलग ऐकायला ते अवघड आहे, वाक्याच्या मधूनच गाडी सुरू होते. अभ्यासाला मात्र सोनं. रोजच्या रात्री, गर्दीसमोर, पार्कर काय करायचा ते इथेच कळतं. मला मात्र त्या वगळलेल्या ट्रम्पेटवाल्यांचं आणि पियानोवाल्यांचं वाईट वाटतं. यंत्र तिथेच होतं, पाच फुटांवर.

बिल सॅव्हरी हा तिसरा. न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत इंजिनिअर असताना १९३५ ते १९४० च्या दरम्यान त्याने रेडिओवरून थेट प्रसारित होणारे कार्यक्रम मोठ्या तबकड्यांवर घेतले. त्या तबकड्या तो आयुष्यभर जवळ ठेवून बसला, त्यातलं थोडंच लोकांनी ऐकलं. २००४ मध्ये तो गेला आणि २०१० मध्ये हार्लेमच्या राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाकडे हा साठा आला. त्यात हॉकिन्सचं १९४० मधलं, जवळजवळ सहा मिनिटांचं 'बॉडी अँड सोल' आहे. प्रसिद्ध रेकॉर्डाच्या दुप्पट लांब, आणि त्याच वळणावर न जाणारं.

या सगळ्यात वादकांना पैसा मिळाला का? त्या वेळी बहुधा छदामही नाही. साठे सापडल्यावरही ते बाहेर यायला वेळ लागतो, तो हक्कदार शोधण्यातच.

कमी प्रसिद्ध वादकांपैकी सुरुवात कोणापासून करू?

टीना ब्रुक्सपासून. नाव स्त्रीचं वाटलं तरी हा पुरुष. खरं नाव हॅरल्ड फ्लॉइड ब्रुक्स, लहानपणच्या अंगकाठीवरून पडलेलं टोपणनाव चिकटलं. टेनर सॅक्सोफोन. १९५८ ते १९६१ या काळात ब्लू नोट कंपनीने त्याच्या नेतृत्वाखाली चार एलपींचं साहित्य मुद्रित केलं आणि त्याच्या हयातीत एकच एलपी बाजारात आणली, 'ट्रू ब्लू'. 'बॅक टू द ट्रॅक्स'ला तर क्रमांक दिला होता, मुखपृष्ठही ठरलं होतं; तरी ती निघाली नाही. १९६१ नंतर त्याचं काहीच मुद्रण नाही. १९७४ मध्ये तो वारला, वय ४२. १९८५ मध्ये मोझेकने चारही एकत्र काढल्या तेव्हा लोक थक्क झाले.

त्याच्या वादनात ओरडा नाही. स्वर जरा मागे ओढलेला, सुरुवातीलाच सगळं सांगून टाकायची घाई नाही, आणि ब्लूजचा रंग सतत खाली वाहतो. 'ट्रू ब्लू' जून १९६० ची. त्याच आठवड्यात तरुण ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डच्या 'ओपन सेसमी' एलपीवरही तो आहे आणि शीर्षकरचना त्याचीच आहे. हबर्ड पुढे मोठा झाला. दोन्ही एलपी लागोपाठ ऐका आणि कोणाचा सोलो जास्त लक्षात राहतो ते बघा.

ट्रम्पेटवादक ड्युप्री बोल्टनचा ऐवज याहून लहान. हॅरल्ड लँडची १९५९ मध्ये मुद्रित झालेली 'द फॉक्स' आणि कर्टिस एमीची १९६३ ची 'कटांगा'. महत्त्वाचं म्हणावं असं एवढंच. पुढची बरीच वर्षं तुरुंगात गेली. 'द फॉक्स'च्या शीर्षकरचनेचा वेग अचाट आहे आणि बोल्टन त्यात अडखळत तर नाहीच, उलट बाकीच्यांना ओढत नेतो.

पियानो आवडत असेल तर हर्बी निकल्स. १९५५-५६ मध्ये ब्लू नोटसाठी आणि १९५७ मध्ये बेथलेहेम कंपनीसाठी त्रिकूटात वाजवलेलं, बहुतेक स्वतःच्या रचना. पोटासाठी मात्र त्याला जुन्या डिक्सीलँड पद्धतीच्या बँडांत बसावं लागे. १९६३ मध्ये गेला. ट्रम्पेटवाला बुकर लिटल १९६१ मध्ये २३ व्या वर्षी गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीबरोबर वाजवलेली एक रात्र पूर्ण मुद्रित आहे, तिथून सुरू करा.

यात स्त्रिया कुठे आहेत?

होत्या, पण गायिका नसलेल्या स्त्रीला मुद्रणात जागा मिळणं कठीण होतं. मेरी लू विल्यम्सची १९३० मधली 'नाइट लाइफ' ही एकटीच्या पियानोची बाजू ऐका. डाव्या हाताचं बळ ऐकून कोणाचीही शंका मिटेल. ट्रम्पेटवादक क्लोरा ब्रायंट २०१९ पर्यंत जगली आणि तिच्या नावावर एकच एलपी आहे, १९५७ ची 'गॅल विथ अ हॉर्न'. त्यातही तिला गायला लावलंय. लाइपझिगहून १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आलेली पियानोवादक युटा हिप १९५६ मध्ये ब्लू नोटसाठी तीन एलपी करून संगीत सोडून गेली आणि पुढे क्वीन्समधल्या कपड्यांच्या कारखान्यात नोकरी करत राहिली. तिचा पत्ता कंपनीला कित्येक वर्षं नव्हता; साठलेलं मानधन तिच्या हाती पडलं ते अगदी उतारवयात.

रेकॉर्डवर एक नाव आणि वाजवणारा भलताच, असं कसं?

करार दुसऱ्या कंपनीशी असायचा. १५ मे १९५३ च्या टोरंटोच्या मॅसी हॉलमधल्या मैफलीच्या रेकॉर्डवर पार्करचं नाव 'चार्ली चॅन' आहे. त्या रात्री तो प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवत होता, आणि तरीही ओळखू येत नाही असं म्हणणारा अजून भेटायचाय. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीने एकदा 'बकशॉट ला फंक' हे नाव घेतलं होतं.

'मृत्यूच्या आदल्या रात्रीचं वादन' असं लिहिलेलं असतं. विश्वास ठेवावा का?

तपासून. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन २६ जून १९५६ रोजी पेनसिल्वेनियात मोटार अपघातात गेला, वय २५. फिलाडेल्फियातल्या एका क्लबचं त्याचं मुद्रण कोलंबियाने बाजारात आणलं, ते आदल्या संध्याकाळचं म्हणून. लोकांनी त्या सोलोंत निरोपाचा सूर ऐकला. नंतरच्या संशोधकांनी तारखा जुळवल्या तेव्हा ते वादन जवळजवळ वर्षभर आधीचं, १९५५ मधलं निघालं. वादन तसूभरही कमी झालं नाही. निरोप मात्र ऐकणाऱ्यांनी आपल्या मनाने घातला होता.

आपल्याकडे यातलं काही मुद्रित झालं का?

झालं, आणि लोकांना वाटतं त्याहून आधी. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताज महाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ. हा माणूस १९१३-१४ मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीझ युरोपच्या वाद्यवृंदाच्या रेकॉर्डांवर वाजलेला, म्हणजे 'पहिल्या' जॅझ रेकॉर्डच्याही आधीचा. १९३६ मध्ये त्याने मुंबईत आपल्या बँडची रेकॉर्डं केली. त्यातल्या एका चालीचं नावच 'ताज महाल'.

या मंडळींत क्लॅरिनेटवाला रूडी जॅक्सनही होता. एलिंग्टनच्या १९२७ च्या 'क्रिओल लव्ह कॉल'वरचा सुरेख क्लॅरिनेट त्याचा. ती चाल त्याने आपली म्हणून एलिंग्टनला दिली होती. ती किंग ऑलिव्हरच्या जुन्या रेकॉर्डशी जुळते हे उघड झालं आणि त्याची नोकरी गेली. असा माणूस पुढे भारतात येऊन वर्षानुवर्षं वाजवत राहतो, याला काय म्हणावं.

पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांच्यात सर्वांत थोर. १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगबरोबर त्याने मुद्रण केलं आणि त्याच वर्षी पूर्वेकडे निघून गेला. शांघाय, मुंबई, मध्ये १९३७ ला पॅरिसमध्ये एकट्याच्या पियानोच्या काही बाजू, मग कलकत्ता. युद्धकाळात तिथल्या ग्रँड हॉटेलात त्याचा बँड होता आणि त्याची रेकॉर्डंही तिथेच झाली. एप्रिल १९४५ मध्ये कॉलऱ्याने तो कलकत्त्यातच गेला. अमेरिकेत राहिला असता तर त्याचं नाव अर्ल हाइन्सच्या शेजारी घेतलं गेलं असतं, असं मानणारे आहेत. पॅरिसच्या बाजू ऐकून मी त्यांच्यातलाच झालो.

गोव्याच्या वादकांनी या मंडळींकडून थेट शिकून घेतलं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगची नक्कल करता करता स्वतःचा ट्रम्पेट सापडलेला माणूस. त्याच्या बँडची स्वतंत्र रेकॉर्डं निघाली, पण त्याचा सूर घराघरांत पोहोचला तो सी. रामचंद्रांमुळे, १९५१ च्या 'अलबेला'च्या वेळी तो त्यांच्या संगीताच्या कामात होता. या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक आणि संगीतकार छापलेले आहेत, ट्रम्पेटवाला नाही. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या गोमंतकीय एकल वादकांचा खरा साठा हिंदी गाण्यांच्या मधल्या संगीतात आठ-आठ बारांच्या तुकड्यांनी पडून आहे, बहुतेक निनावी. तो वेचून नावानिशी मांडण्याचं काम कोणीतरी घ्यायला हवं.

ही जुनी रेकॉर्डं कॉपीराइटमधून सुटली आहेत का?

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. मोजणी प्रसिद्धीपासून, मुद्रणापासून नव्हे. त्यामुळे १९६३ चं वादन २०१८ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं असेल तर ते सुटलेलं नाही. शिवाय रचनेवरचा हक्क वेगळा असतो आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. अमेरिकेत १९२३ पूर्वीची रेकॉर्डं १ जानेवारी २०२२ ला मुक्त झाली, पुढची टप्प्याटप्प्याने होतायत.

एकाच वादनाच्या दहा आवृत्त्या दिसतात. कोणती घ्यावी?

जिथे वादकांची नावं, तारीख आणि टेक नीट दिलेत ती. 'बेस्ट ऑफ' संग्रहांवर हे क्वचित असतं. खरखर काढून टाकल्याची जाहिरात असेल तर सावध राहा. खरखरीबरोबर झांजांची किणकिण आणि सॅक्सोफोनच्या रीडचा (तोंडाशी थरथरणाऱ्या पट्टीचा) श्वासही जातो.

वेगाकडेही लक्ष असू द्या. ७८ च्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या असतीलच असं नाही. आणि हा घोळ जुन्याच काळाचा आहे असंही नाही: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' एलपीची पहिली बाजू मुद्रणाचं यंत्र हळू चालल्यामुळे किंचित चढ्या सुरात छापली गेली आणि १९९२ पर्यंत तशीच विकली गेली. तिच्याबरोबर वाजवून सराव करणाऱ्या किती जणांनी आपल्याच वाद्याला दोष दिला असेल.

हरवलेलं अजून काही सापडण्याची शक्यता आहे का?

सापडतंच आहे. पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन एकत्र वाजवत त्या १९५७ च्या काही महिन्यांचं मुद्रण अगदी मोजकं होतं. २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या टेपा चाळताना त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरची कार्नेगी हॉलची अख्खी मैफल निघाली, आवाजही स्वच्छ. १९६१ मधलं कोल्ट्रेन-डॉल्फी यांचं 'व्हिलेज गेट' क्लबमधलं वादन न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात होतं, ते २०२३ मध्ये बाहेर आलं.

उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. जून २००८ मध्ये हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली, त्यात मूळ टेपा जळाल्या. नेमक्या किती आणि कोणाच्या यावरून वाद आहे. ६ मार्च १९६३ रोजी कोल्ट्रेनच्या चौकडीने ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत अख्ख्या एलपीपुरतं वाजवलं, त्याची मूळ टेप कंपनीकडे नाही. सत्तरच्या दशकात साठवणीचा खर्च वाचवण्यासाठी जे टाकून दिलं त्यात ती गेली असं मानतात. व्हॅन गेल्डरने मात्र त्या दिवशी कोल्ट्रेनला घरी ऐकायला एक साधी मोनो प्रत दिली होती. ती त्याच्या पहिल्या पत्नीच्या, नाइमाच्या, कुटुंबाकडे राहिली आणि २०१८ मध्ये 'बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स' निघाली ती त्या प्रतीवरूनच.